पाठवणाऱ्याचा पत्ता नसलेला फोटो

८ फेब्रुवारी १९७७

शिवशरण जिवंत आहे.

सकाळच्या टपालात, माझ्याच टेबलावर, माझ्याच नावाचं पाकीट आलं. सत्तावीस वर्षं पोस्टात सॉर्टिंगला बसतोय. सगळ्या सोलापूरची पत्रं हातावरून गेली, पण स्वतःचं नाव समोर आल्यावर हात थांबला. अक्षर पोराचं. पाकिटात एक फोटो आणि फोटोमागं एकच ओळ: 'मी ठीक आहे. काळजी नसावी.' नाव नाही, गाव नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. घर सोडून त्याला दीड वर्ष झालं.

फोटोत तो एका विमानाला टेकून उभा आहे. छातीपर्यंतच दिसतो. मागं विमानाची पांढरी बाजू, एक गोल खिडकी, एक काळा पट्टा आणि पट्ट्याच्या वर अक्षरं: इंग्रजी पाचाचा आकडा, मग वाय, मग आडवी रेघ. पुढचं सगळं त्याच्या खांद्याआड गेलंय. वायच्या खाली एक काळा ओघळ आहे, तेल गळत असावं.

पाकिटावर शिक्का रेल्वे मेलचा. म्हणजे पत्र गाडीच्या टपाल-डब्यातच टाकलेलं. तिकीट आपलंच. परदेशातून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती दिलं असणार आणि त्या भल्या माणसानं मुंबईला उतरून मद्रास मेलमध्ये टाकलं असणार. लोक असं करतात. गाडीचा शिक्का वाटेतल्या कुठल्याही स्टेशनाचा असू शकतो हे मला ठाऊक आहे, पण विमान म्हटल्यावर मुंबईच.

घरी त्याच्या आईनं, चंद्रव्वानं, फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "जरा वाळलाय. कपाळाला भस्म लावलंय बघा." बस्स, एवढंच. दीड वर्ष रडणारी बाई फोटो बघून रडली नाही याचं मला नवल वाटलं.

११ फेब्रुवारी

ऑफिसात अर्धा पत्ता, भिजलेला पत्ता, मोडीतला पत्ता आला की म्हणतात, "ईरप्पांकडं द्या, ते लावतील." दुसऱ्यांचे एवढे पत्ते लावले, आता पोराचा लागला नाही तर मग मी तिथं काय केलं इतकी वर्षं?

आमच्याच गल्लीत कमलाकरराव राहतात. मुंबईच्या विमानतळावर बिनतारी संदेश घेण्याचं काम केलं, रिटायर होऊन शुक्रवार पेठेत परत आले. एकटेच असतात. संध्याकाळी फोटो घेऊन गेलो.

"हे विमानाचं नोंदणीचं चिन्ह," ते म्हणाले. "प्रत्येक देशाला ठरवून दिलेलं असतं. आपलं व्हीटी."

"व्हीटी म्हणजे काय?"

"लोक म्हणतात व्हाइसरॉय टेरिटरी. कुणी त्यात व्हिक्टोरियाला घुसवतं. तसं काही नाही हो. सत्तावीस साली वॉशिंग्टनला परिषद भरली होती बिनतारीवाल्यांची. तिथं जगाला अक्षरं वाटली. व्हीचा मोठा गठ्ठा इंग्रजांच्या साम्राज्याला मिळाला, त्यातला व्हीटी ते व्हीडब्ल्यू हा तुकडा हिंदुस्थानला. अर्थ मागाहून लोकांनी चिकटवले."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी आपल्याला स्वतःचं अक्षरच नव्हतं. जी म्हणजे ब्रिटन, त्याला आय जोडला की हिंदुस्थान."

मला फार बरं वाटलं. म्हणजे जगाचं सॉर्टिंग झालेलंच आहे, प्रत्येकाला खण आहे. पाकिस्तान एपी, सिंहल फोर-आर, नव्या बांगलादेशाचा एस-टू. मी विचारलं, "स्वातंत्र्यानंतर आपण बदललं का नाही?"

"सगळी विमानं त्याच नावानं जगभर ओळखीची झाली होती. राहिलं."

मग त्यांनी एक जुनी पुस्तिका काढली, पानं उलटली. फाइव्ह-वाय म्हणजे केनिया. इंग्रजांच्या काळात त्यांचं व्हीपी-के होतं. स्वतंत्र होईपर्यंत अक्षरं वाटून संपली होती, म्हणून केनियासारख्या बऱ्याच नव्या देशांच्या वाट्याला आकडे आले. माझा पोरगा आफ्रिकेत!

कमलाकररावांनी भिंग लावून फोटो बराच वेळ बघितला. "पत्रा जोडणारे रिव्हेट दिसत नाहीत कुठं," ते म्हणाले. मी म्हणालो, फोटो लहान आहे. "हं," म्हणाले. मग एकदम, "तुम्ही सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला जाता का हो कधी?"

"कुठलं! संक्रांतीत आमच्याकडं तिळगुळाच्या पाकिटांचा डोंगर. शिक्का मारला की आतल्या हलव्याचा चुरा, आणि टेबलाखाली मुंग्या. पंधरा वर्षांत होम मैदानाकडं फिरकलो नाही."

त्यांनी भिंग उचलून ठेवलं. निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "ईरप्पा, अक्षरावरून विमान कुठल्या घरचं ते कळतं. ते कुठं उभं आहे ते कळत नाही. त्याच्याजवळ कोण उभं आहे, ते तर नाहीच नाही." म्हातारपणी माणूस उगाच शंका काढतो.

२१ मार्च

निवडणुकीच्या टपालानं कंबर मोडली. तरी तीन पत्रं लिहून झाली: नैरोबीच्या पोस्टमास्तरांना, तिथल्या एका हिंदू मंडळाला, आणि एक एरोग्राम शिवशरणच्याच नावानं, 'पोस्टात येऊन घेणे' असं लिहून.

शाळेचा जुना नकाशा भिंतीला लावलाय. रोज संध्याकाळी चंद्रव्वाला केनिया समजावून सांगतो. मोंबासा हे बंदर, इथून आगगाडी नैरोबीला जाते, तिकडं कॉफी पिकते. ती शेंगा निवडत ऐकते आणि "व्हय" म्हणते. एकदा म्हणाली, "लई लांब हाय की." मी म्हणालो, अडीच-तीन हजार मैल. तिनं मान खाली घातली.

आज सोमवार, ती कुंभारीला बहिणीकडं गेली होती. पूर्वी गंगम्माकडं दोन महिन्यांतून एकदा जायची, संक्रांतीपासून दर सोमवारी जाते. जाताना कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि आज शिवशरणची जुनी काळी पँट. "पँट कशाला?" म्हटलं तर म्हणे, "बुजगावण्याला." पीक काढून झाल्यावर बुजगावणं! मी म्हणालो, तुझ्या बहिणीच्या शेतातलं बुजगावणं माझ्यापेक्षा बऱ्या कपड्यात असतं. ती हसली नाही.

५ जून

मंडळाचं उत्तर आलं. सभ्य पत्र आहे. या नावाचा माणूस त्यांच्या माहितीत नाही. मोंबासालाही विचारून झालं.

नाव बदललं असेल. कुठल्या मळ्यावर असेल. माणूस नव्या मुलखात गेला की वर्ष-दोन वर्षं कुणाच्या नजरेत येत नाही. हे मी चंद्रव्वाला सांगितलं, पण बोलताना माझाच आवाज मला खोटा वाटला.

२१ जुलै

एरोग्राम परत आला. 'मागणी झाली नाही.'

आज त्याला जाऊन दोन वर्षं झाली. परत आलेली पत्रं मी आयुष्यभर हाताळली. वर शिक्का बघायचा, डाव्या खणात टाकायचं. आज माझंच पत्र होतं. ते खणात टाकवेना, सदऱ्यात घालून घरी आणलं.

९ ऑगस्ट

एक गोष्ट या वहीत लिहायची नाही असं ठरवलं होतं. आज लिहितो.

तो दुसऱ्यांदा इंटरला नापास झाला तेव्हा मी म्हणालो होतो, पायावर उभा राहिल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस. बाप असं म्हणतो. माझा बाप मला याहून वाईट बोलला होता. पण शिवशरण खरंच गेला. महिनाभरात त्याचं पत्र आलं, मुंबईहून, मागं चाळीचा पूर्ण पत्ता लिहिलेला. जाड होतं, आत तीन-चार कागद असावेत. तेही माझ्याच टेबलावर आलं. मी ते फोडलं नाही. तांबडी पेन्सिल घेतली आणि वर लिहिलं, 'मालक घेत नाहीत, सबब परत.' सही केली, तारीख घातली आणि परतीच्या थैलीत टाकलं.

मला वाटलं, चार दिवसांनी दुसरं येईल. दुसऱ्या पत्रात सरळ माफी असेल, मग घेऊ.

दुसरं आलं नाही. दिवाळीला मीच त्या चाळीच्या पत्त्यावर लिहिलं. 'सोडून गेले,' म्हणून परत. चंद्रव्वाला यातलं काही सांगितलं नव्हतं. आज दुपारी सांगितलं. तिनं हातातलं पीठ झटकलं आणि म्हणाली, "ठावं हाय मला."

"तुला कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? कळतं की."

आणि आता हा फोटो. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता का नाही, हे सहा महिने माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी विसरभोळेपणा समजत होतो. पाठवणाऱ्याचा पत्ता नसला की पत्र परत करता येत नाही. हे त्याला मीच शिकवलं.

१४ सप्टेंबर

आठ दिवस रजेवर आहे. डॉक्टर म्हणतात, ताप नाही. उठावंसं वाटत नाही एवढं खरं.

तो मेला असणार. परक्या मुलखात ताप आला असेल, आणि उशाशी पाणी द्यायला कुणी नसेल. त्याला लहानपणापासून दर पौषात खोकला धरतो. मी आडुळशाचा काढा करून नाक दाबून पाजायचो. तो थुंकायचा, मी पुन्हा पाजायचो. तिकडं कोण पाजणार? मी पत्र घेतलं नाही म्हणून तो तिकडं गेला. मीच मारलं त्याला.

हे चंद्रव्वाला बोलून दाखवलं. ती पलंगाजवळ बसली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "अवो, असं नका म्हनू. बरा हाय त्यो."

"तुला काय माहीत?"

"आईला कळतं."

"आईला कळत असतं तर पोस्टखातं कशाला काढलं असतं?" मी ओरडलो. ती डोळ्याला पदर लावून उठली. फोटो आल्यापासून ती आज पहिल्यांदा रडली, आणि रडली ती माझ्यासाठी असं मला वाटलं. तिच्याशी असं बोलायला नको होतं.

३० नोव्हेंबर

रिटायर झालो. हार, चहा, चिवडा. साहेब म्हणाले, ईरप्पांना न लागलेला पत्ता नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

१३ जानेवारी १९७८

उद्या संक्रांत. यंदा रिकामा आहे, सिद्धेश्वराच्या जत्रेला जाऊन येऊ म्हटलं. चंद्रव्वा एकदम म्हणाली, "कशाला? लई गर्दी, धूळ. तुमचा गुडगा काय म्हनंल?" गुडघ्याची एवढी काळजी तिला कधी नव्हती. मी म्हणालो, बरं, राहिलं.

१६ जानेवारी

चंद्रव्वा सकाळीच तिळाच्या पोळ्या बांधून कुंभारीला गेली. घर खायला उठलं. तिला बांगड्या आणाव्यात, तेवढीच खूश होईल, म्हणून मी होम मैदानावर गेलो.

पाळण्यांच्या पलीकडं फोटोवाल्यांचे तंबू होते. एका तंबूत दोन पटकेवाले शेतकरी ताठ बसले होते आणि त्यांच्या मागं विमान होतं. पांढरी बाजू, गोल खिडकी, काळा पट्टा. फाइव्ह, वाय, आडवी रेघ. लाकडाच्या चौकटीवर ताणलेलं कापड होतं. वायच्या खाली ओघळ होता.

मी तिथल्या बाकड्यावर बसलो. फोटोवाला आला. सिद्धनाथ त्याचं नाव, तंबूवरच लिहिलं होतं. मी विचारलं, विमान नवीन केलंय का?

"न्हाय वो काका, तीन वर्सं झाली की. दर गड्ड्याला हेच इमान. एका हाटेलात भारी क्यालेंडर हुतं, त्यात बघून काढलं. जसंच्या तसं, नंबरासकट."

"हा ओघळ?"

"वाय काढताना हात हालला. ऱ्हाऊ दे म्हटलं, कोन बघतंय!" मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाला, "बसा की, काका. एक फोटो काढतो. पोराबाळांस्नी पाठवा."

मी नको म्हणालो.

कॅलेंडर खरं, नंबर खरा, केनियाही खरा. मी लावलेला पत्ता बरोबरच होता, फक्त तो शिवशरणचा नव्हता. आणि तो कुठं खोटं बोलला? 'मी ठीक आहे' एवढंच लिहिलं होतं. परदेश मी जोडला. गेल्या संक्रांतीला माझा पोरगा देवदर्शन करून, भस्म लावून इथं उभा होता. इथून आमची गल्ली चालत वीस मिनिटं. तो आला नाही. मुंबई नाही की काही नाही, इथल्याच स्टेशनवर थांबलेल्या मेलच्या डब्यात त्यानं पाकीट टाकलं. टाकताना त्याला ठाऊक होतं, त्यावर सोलापूरचा शिक्का बसणार नाही. तेही मीच त्याला कधीतरी कौतुकानं सांगितलं होतं.

बांगड्या न घेताच घरी आलो. ओसरीवर बसलो आणि एकेक आठवत गेलं. संक्रांतीपासूनचे सोमवार. काळी पँट. 'ठावं हाय मला.' पलंगाजवळ बसून उघडलेलं आणि मिटलेलं तोंड. ती आली तेव्हा पिशवी रिकामी होती आणि चेहरा उजळलेला.

"गड्ड्याला गेला न्हवता न्हवं?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

१८ जानेवारी

कमलाकररावांकडं गेलो. 'गड्ड्याला जाऊन आलो,' म्हणालो आणि फोटो त्यांच्यापुढं ठेवला. ते म्हणाले, "तुम्ही अक्षराचा अर्थ विचारलात, तो मी सांगितला. बाकीचं सांगायला माझी जीभ रेटली नाही. त्या दिवशी तुम्ही किती खूश होतात, ईरप्पा!" मी त्यांच्यावर चिडणार होतो, पण चिडता आलं नाही.

कुंभारीला बस जाते, तासही लागत नाही. सकाळपासून तीनदा धोतर बदललं. पण मी दारात दिसलो की शिवशरण तिथूनही उठेल. त्यानंच आईला शपथ घातली असणार, अप्पांना कळलं तर इथंही राहणार नाही म्हणून. मग चंद्रव्वाचे सोमवारही जातील. माझ्यापायी तिचं पोर एकदा गेलंच आहे.

शेवटी अंतर्देशीय घेऊन बसलो. 'चि. शिवशरण यास अनेक आशीर्वाद' लिहिलं, पुढं पानभर लिहिलं. पत्ता घातला, गंगम्माच्या घरचा. पेटीपर्यंत गेलो. कुंभारीला पत्र दुसऱ्या दिवशी पोचतं. परत यायलाही एकच दिवस लागतो. वर तांबड्या पेन्सिलीनं काय लिहिलेलं असेल ते मला डोळ्यापुढं दिसलं. पत्र घेऊन घरी आलो आणि चुलीत घातलं.

२२ जानेवारी

चंद्रव्वा उद्याची तयारी करत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गंगम्मा बरी आहे ना?"

"हाय बरी," ती म्हणाली. चटणी कुटताना थांबली. "जरा खोकला धरलाय."

"केव्हापासून?"

"चार-पाच दिस झालं. रातीचा लई येतो म्हनं."

गंगम्माला पन्नास वर्षांत कधी खोकला झाल्याचं मला आठवत नाही. मी उठलो, कमलाकररावांच्या परसात आडुळसा आहे तिथं गेलो. चांगली कोवळी पानं खुडली, कागदात बांधली. आत थोडा ज्येष्ठमध घातला. तो काढा फार कडू लागायचा त्याला.

पुडीवर काही लिहिलं नाही. कुणी दिली, कुणासाठी दिली, काही नाही. पिशवीत सगळ्यात खाली, भाकरीच्या खाली ठेवली. चंद्रव्वानं बघितलं. माझ्याकडं बघत उभी राहिली, आणि मी नकाशाकडं वळलो.

"केनियात आता थंडी असती का वो?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "तिकडं आता उन्हाळा."

"मग बरं हाय," ती म्हणाली, आणि पिशवीचं तोंड बांधलं.

२३ जानेवारी

ती दिवस मावळायला आली. पाय धुवायला न्हाणीत गेली तेवढ्यात मी पिशवी उघडली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या थैल्या उघडल्या, घरातली ही पहिलीच. पुडी नव्हती. वाटेत पडली, गंगम्माच्या चुलीवर गेली, की त्यानं घेतली, ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

परत आलेली नाही, एवढंच लिहून ठेवतो.